चाकांवरच्या घराचा सातबारा

शाळेची बस म्हातारी झाली की तिला दोन गिऱ्हाइकं हमखास येतात. एक भंगारवाला, जो इंजिनाचा आवाज ऐकतच नाही, नुसतं वजन विचारतो. दुसरी एखादी लहान शाळा किंवा खासगी क्लास, ज्यांना आणखी दोन-तीन वर्षं गाडी रेटायची असते. तिसरं गिऱ्हाईक क्वचित येतं, पण आलं की बसभोवती दोन तास फिरतं. बाकं काढली तर आत किती जागा होईल, मागच्या बाजूला ओटा बसेल का, टपावर सोलरची प्लेट आणि पाण्याची टाकी पेलेल का, असं तो विचारतो. त्याला नर्मदा परिक्रमेला जायचं असतं, नामदेवांच्या मागोमाग पंजाबातल्या घुमानपर्यंत जायचं असतं, किंवा निवृत्तीनंतर बायकोला घेऊन हॉटेलांच्या भानगडीशिवाय देश पाहायचा असतो. तो बस घेतो, सुतार लावतो, वेल्डर लावतो, हौसेनं घर करतो. काही वर्षांनी गुडघे कुरकुरतात, नातवंडं होतात, आणि ते घर विकायची वेळ येते.

हा लेख त्या वेळेबद्दल आहे. बसचं घर कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते घर दुसऱ्याला देताना काय होतं, हे सांगायला कुणी बसत नाही. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी अर्धा एकर घ्यायचा झाला तरी आधी सातबारा मागतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का विचारतो, मग बांधावर जातो. तोच माणूस असं चाकांवरचं घर घ्यायला गेला की आधी गादी दाबून पाहतो, दिवे लावून पाहतो आणि कागद शेवटी मागतो. गाडीचं आरसी बुक हा तिचा सातबारा आहे. त्यात जे लिहिलंय तेच तुम्ही विकू शकता. सागवानी कपाटं, वीज, पाणी हे सगळं त्या कागदावर नसेल, तर विकणारा फर्निचर विकतोय आणि घेणारा एक भांडण विकत घेतोय.

आमच्या भागाला चाकांवरचं घर नवं नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके, गाड्यांवर एमएच-३८. दरवर्षी आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडकडून सेनगावात उतरते, नामदेवांची नर्सी, डिग्रस, औंढा, जवळा बाजार असे मुक्काम करत परभणीकडे जाते. कुठल्याही दिंडीच्या मागं चालणारी वाहनं एकदा नीट पाहावीत. ट्रकच्या हौद्यावर बांबूची कमान आणि ताडपत्री, खाली सतरंज्या, एका कडेला पातेली, शिध्याची पोती, गॅसची शेगडी, दांडीवर वाळत घातलेली धोतरं आणि लुगडी. पुढच्या मुक्कामाला पाणी घेऊन गेलेला टँकर. हे तीन-चार आठवडे चालणारं घरच असतं. त्याला कुणी कॅम्पर म्हणत नाही एवढंच.

कनातीच्या तमाशाचे फड असेच जगत आले. नारायणगावहून सुपाऱ्या घेऊन निघालेला फड यात्रेमागून यात्रा करत फिरतो. कलावंतांची झोप ट्रकमध्ये, रंगपटाच्या पेट्या ट्रकमध्ये, आजारी पडलेलं लेकरूही ट्रकमध्येच. टूरिंग टॉकीजचं तेच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या या फिरत्या सिनेमावाल्यांवर केलेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. त्यातले जुने, गंजके ट्रक पाहिले तर कळतं, की मालकानं ट्रक टिकवला तो केवळ प्रोजेक्टर वाहण्यासाठी नव्हे. वर्षातले कित्येक महिने त्याचा पत्ता तोच होता.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रा नांदेडहून हिंगोली जिल्ह्यात आली, तेव्हा तिच्यासोबत ट्रकवर चढवलेले सुमारे साठ कंटेनर होते. कुणात एक बिछाना, कुणात दोन, कुणात रेल्वेच्या डब्यासारखे बर्थ, काहींत न्हाणीघर. रोज संध्याकाळी एखाद्या मोकळ्या रानात ते गाव वसायचं आणि पहाटे उठून पुढं जायचं. ११ नोव्हेंबरला कळमनुरीत आदित्य ठाकरे त्या यात्रेत चालले. योगायोग असा, की २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पर्यटनमंत्री तेच होते. त्या धोरणात कॅरॅव्हॅन आहे, कॅरॅव्हॅन उभी करायचे तळ आहेत, त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे. धोरण चांगलं आहे. पण ते पर्यटकाला गाडी भाड्यानं देणाऱ्या व्यावसायिकाच्या नजरेतून लिहिलेलं आहे. ज्याच्याकडे एकच जुनी बस आहे आणि ती त्याला स्वतःसाठी घर करायची आहे, तो माणूस त्यात मला दिसत नाही.

आता बसकडे वळू. शाळेची बस घरासाठी का निवडतात, आणि निवडताना कुठं फसतात?

तिच्या बाजूची गोष्ट अशी. ती एका शाळेची किंवा एका मालकाची असते, दोन-चारच चालकांच्या हाताखाली गेलेली असते, रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या रस्त्यानं जाते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उभी असते. ट्रॅव्हल्सच्या गाडीसारखी ती रात्र रात्र पळालेली नसते. महाराष्ट्रात शाळा बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत, बसच्या बांधणीसाठी एआयएस-०६३ हे मानक आहे. त्यामुळे तिला आपत्कालीन दरवाजा असतो, खिडक्यांना आडवे गज असतात, पायऱ्या खाली असतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा या बस महिनोन्महिने जागच्या जागी उभ्या राहिल्या. हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. अनेक मालकांनी त्याच काळात गाड्या मोडीत किंवा मिळेल त्या भावात काढल्या.

तिच्या विरुद्धची बाजू किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही. दर अर्ध्या-एक किलोमीटरला थांबणारी गाडी क्लच आणि ब्रेक खाते. इंजिन पुरतं तापायच्या आत फेरी संपते. खालचा पत्रा सगळ्यात आधी जातो, कारण पावसाळ्यात पन्नास मुलांच्या बुटांचा चिखल आणि सांडलेल्या पाण्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं प्लायवूडखाली मुरत असतात. म्हणून माहितगार मेकॅनिक बस पाहायला गेला की वर चढत नाही, खाली जातो. चेसिसच्या लांबणींना हातोडीनं ठोकून पाहतो, पाट्यांचे शॅकल पाहतो, मागच्या चाकांच्या कमानीत बोट घालतो. फरशीची चटई उचलू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढं बोलू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना गाडी घेतल्यावर कळते. केंद्रीय नियमांनुसार प्रवासी आणि मालवाहू वाहनांना वेगमर्यादक लागतो आणि शाळा बससाठी त्याची मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाण्याची स्वप्नं पाहणाऱ्यानं हे आधी विचारात घ्यावं. तो वेगमर्यादक गुपचूप काढून टाकणं हा उपाय नव्हे. गाडीचा वर्ग कागदावर बदलल्याशिवाय तिची बंधनं बदलत नाहीत.

मग मराठवाड्याचं ऊन. मे महिन्यात हिंगोलीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पत्र्याची बस दुपारी भट्टी होते. शाळा उन्हाळ्यात बंद असल्यामुळे हा दोष बसला कधी जाणवलेलाच नसतो. छताच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर भरणं, टपावर सावली देणारी दुसरी चौकट बसवणं, दोन्ही बाजूंनी वारा जाईल अशा खिडक्या ठेवणं, ही कामं फर्निचरच्या आधीची आहेत. ती केली असतील तर घेणाऱ्यानं किमतीत त्यांचा मान राखावा, कारण ती दिसत नाहीत आणि नंतर करताही येत नाहीत.

वजनाचा हिशेबही डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी म्हणजे चार-पाच जाडजूड माणसं कायमची एका जागी बसलेली. इन्व्हर्टरची एक मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोंची. बाकं काढल्यामुळे वजन कमी झालं म्हणून सुतार जाड प्लाय लावतो, आणि तो सगळा भार एका बाजूला जातो. उजवीकडे ओटा, उजवीकडेच टाकी, उजवीकडेच कपाट अशी गाडी वळणावर कशी झुकते हे औंढ्याच्या डोंगरातल्या रस्त्यावर चटकन कळतं. विकत घेणाऱ्यानं भरलेल्या टाकीसह ती वजनकाट्यावर न्यावी. हळदीच्या आणि कापसाच्या बाजारामुळे आपल्याकडे वजनकाटे गल्लोगल्ली आहेत; काट्याची पावती आणि आरसीवरचं एकूण वजन समोरासमोर ठेवून पाहायला पंधरा मिनिटं पुरतात. आरसीवरचा हाच आकडा परवान्यासाठीही लागतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७५०० किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवू शकतो. त्याहून जड बस असेल तर निवृत्त गुरुजींना आधी जड वाहनाचा परवाना काढावा लागेल.

शाळेच्या बसचं घर करून ते विकण्याचा जगातला सगळ्यात गाजलेला व्यवहार अमेरिकेत १९६४ साली झाला, आणि आपल्या विषयाला तो फार उपयोगी आहे. तिथं शाळांच्या बस पिवळ्या असतात, कारण १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत तो रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं लवकर दिसतात. त्याच १९३९ सालची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची एक शाळा बस कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थानं घेतली होती. त्याला अकरा मुलं. त्यानं आत झोपायचे बाक, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर केलं आणि सुट्ट्यांमध्ये सगळं कुटुंब घेऊन तो हिंडला. पुढं त्यानं ती विकली. घेणारे होते कादंबरीकार केन केसी. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ती रंगीबेरंगी केली, तिला ‘फर्दर’ असं नाव दिलं आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. साठच्या दशकातल्या अमेरिकी तरुणाईची ती खूण झाली. पुस्तकांत सगळं श्रेय केसींना मिळतं. पण ज्यानं पहिल्यांदा बाकं काढून अकरा मुलांसाठी बिछाने ठोकले तो बाप मला जास्त जवळचा वाटतो. केसींना तयार घर मिळालं म्हणून तर ते निघू शकले. त्या बसला शेवटी ओरेगॉनमधल्या केसींच्या शेतावर गंज खात पडून राहावं लागलं.

तिकडं आजही निवृत्त शाळा बस लिलावात निघतात, लोक त्या घेतात, घर करतात आणि कागदावर तिचा वर्ग बदलून घेतात. अनेक राज्यांत रंग बदलावा लागतो, थांब्याची पाटी आणि लुकलुकणारे दिवे काढावे लागतात, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाचा ती शाळेची बस आहे असा गैरसमज होऊ नये. वर्ग बदललेला कागद हातात असला की विक्रीला वेगळी किंमत येते. काम कष्टाचं आहे, विमा मिळवायला दमछाक होते, पण वाट आहे.

आपल्याकडे ती वाट फार अरुंद आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. या कलमावर सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द बसचं घर करणाऱ्यानं दोनदा वाचावेत. बाकं काढली, खिडक्या बुजवल्या, टपावर चौकट ठोकली, गॅसची जोडणी केली, तर मोजणी कुठवर जाईल?

हे कागदावरचं भय नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळमधल्या कण्णूरला मोटार वाहन विभागानं दोन भावांची घर केलेली गाडी ताब्यात घेतली. व्हिडिओंमुळे ती केरळभर माहीत झालेली होती. आरटीओ कार्यालयात वाद झाला, दोघांना अटक झाली, समाजमाध्यमांवर तरुण मुलं चवताळून उठली. त्या भावांच्या वागण्याचं समर्थन मी करत नाही. पण लाखो लोक कौतुकानं पाहत असलेली गाडी इतके दिवस कुणाला खटकत नाही आणि एका सकाळी ती जप्त होते, यात विकत घेणाऱ्यासाठी मोठा इशारा आहे. आज चालते म्हणून उद्या चालेल असं नसतं.

कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला माहीत नाही असंही नाही. केंद्र सरकारनं २००४ साली वाहनांचे प्रकार जाहीर केले त्यात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन आहे. मोटार कॅरॅव्हॅनची व्याख्या आहे: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय, आणि हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं. तिच्या चाचणीसाठी एआयएस-१२४ हे मानकसुद्धा आहे. अडचण अशी, की अशी मान्यता एखादा उत्पादक किंवा बॉडी बांधणारा कारखाना एका नमुन्यासाठी घेतो आणि मग त्याबरहुकूम गाड्या बांधतो. सेनगावच्या वेल्डरकडे उभी असलेली एकुलती एक जुनी बस त्या दारातून कशी जायची? तिचा नमुना नाही, नकाशा नाही, तिच्या मालकाला चाचणीचा खर्चही पेलत नाही. म्हणून तो काहीच विचारत नाही आणि गुपचूप काम उरकतो. विचारायला जावं अशी सोयच नसेल तर लोक न विचारता करतात, आणि त्याची खरी किंमत शेवटी विकत घेणारा मोजतो.

विक्रीच्या दिवशी काय घडतं ते आता सविस्तर पाहू. दोन्ही बाजूंचं नुकसान इथंच होतं.

सौदा ठरतो. इसार दिला जातो. पाचशेच्या बॉण्डवर मजकूर लिहिला जातो, ‘आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाराची’ असं एक वाक्य त्यात असतंच. दोन साक्षीदार सह्या करतात, चहा होतो, किल्ली दिली जाते. विकणाऱ्याला वाटतं आपण मोकळे झालो. तो मोकळा झालेला नसतो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक विकणाऱ्यानं माहीत करून घ्यावा. एक गाडी पहिल्या मालकानं विकली, ती पुढं एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, कुणीच नावावर करून घेतली नाही. अपघातात एका मुलाचा जीव गेला. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव होतं त्या पहिल्याच माणसावर ठेवली, कारण कायद्याच्या लेखी मालक तो, ज्याचं नाव नोंदणीत आहे. बॉण्डवरचं वाक्य जखमी माणसाविरुद्ध चालत नाही.

म्हणून विकणाऱ्याची खरी सुटका कलम ५० मध्ये आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत फॉर्म २९ भरून हस्तांतर कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत फॉर्म ३० देऊन नावावर करून घ्यायचं. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ घेऊन तो उतरवायचा. बस शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल तर विक्रीचा ठराव हवा, ठरावावर ज्यांना अधिकार दिला त्यांचीच सही हवी. अध्यक्षांनी तोंडी ‘घेऊन जा’ म्हटलेली बस पुढं संस्थेत वाद झाला की परत मागितली जाते. परमिट गाडीबरोबर आपोआप जात नाही. त्याला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते किंवा ते आधी जमा करावं लागतं. थकलेला कर, जुने दंड, संपलेलं फिटनेस हे सगळं गाडीच्या अंगावर असतं, मालक बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. प्रवासी वाहनाचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, आणि त्या तपासणीला आतून घर झालेली बस घेऊन गेलं की प्रश्न उभा राहतोच: आरसीवर चाळीस आसनं, आत चार बिछाने, हे काय?

इथं काही विकणारे एक पळवाट सुचवतात. पासिंगच्या दिवशी बाकं पुन्हा ठोकायची आणि संध्याकाळी काढायची. ही पळवाट जो सुचवतो त्याच्याकडून गाडी घेऊ नये. ज्यानं अधिकाऱ्यापासून लपवलं त्यानं तुमच्यापासूनही काहीतरी लपवलेलं असणार.

किमतीबद्दल मी आकडे देत नाही, कारण प्रत्येक गाडी वेगळी. पण हिशेब कसा करावा हे सांगता येतं. पहिल्यांदा ती बस आजच्या वयाची, आजच्या फिटनेसची, घर न केलेली असती तर काय आलं असतं ते काढावं. कागद बदललेले नसतील तर त्यातून बाकं परत बसवण्याचा खर्च वजा करावा, कारण घेणाऱ्याला कायदेशीर व्हायचं तर तोच एक रस्ता उरतो. मग जे काढून नेता येतं त्याची, म्हणजे सोलर प्लेट, बॅटऱ्या, फ्रिज, पंप यांची जुन्या सामानाच्या भावानं बेरीज करावी. सुतारकामाची किंमत शून्य धरावी. हे ऐकून विकणाऱ्याच्या पोटात कालवतं, मला कळतं. त्यानं दोन पावसाळे त्या फळ्यांवर घालवलेले असतात. पण आपल्या उंचीचा बिछाना, आपल्या हाताचा ओटा हे दुसऱ्याच्या कामाचं असेलच असं नाही. कॅरॅव्हॅन म्हणून नोंद झालेली गाडी असेल तर हा सगळा हिशेब उलटा होतो आणि सुतारकामालाही भाव येतो. कागदानं पडणारा फरक एवढा मोठा आहे.

एका बाबतीत मात्र किमतीची चर्चाच करू नये. आग. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या एका खासगी डब्याला आग लागली. आत बेकायदा नेलेला गॅस सिलिंडर होता, पहाटे चहा करायला घेतला होता. नऊ जण गेले. डबा उभा होता, पळणारा नव्हता, तरी लोकांना वेळेत बाहेर पडता आलं नाही. त्याआधी १ जुलैला आपल्याच शेजारी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी जळून गेले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्यामुळे तो दरवाजा निकामी झाला. बसचं घर करताना सुतार सगळ्यात आधी ज्याच्यावर कपाट ठोकतो तो आपत्कालीन दरवाजाच असतो, कारण तिथं जागा छान मिळते. मुलांच्या जिवासाठी कायद्यानं ठेवलेलं ते दार बुजवलेलं दिसलं, सिलिंडर झोपायच्या जागेखाली दिसला, खिडक्यांचे गज तसेच दिसले, की किंमत कितीही कमी असो, मागं फिरावं. विकणाऱ्यानंही विकण्याआधी ते दार मोकळं करून द्यावं. एवढी जबाबदारी त्याच्याकडे माणूस म्हणून येते.

गाडी चालवायचीच नसेल तर गोष्ट सोपी होते, आणि इथं मला पुढची खरी वाट दिसते. पुण्यात २०१६ पासून उल्का सादलकर आणि राजीव खेर यांच्या उपक्रमातून शहर वाहतुकीच्या जुन्या बसची महिलांसाठी स्वच्छतागृहं झाली. ‘ती’ या नावानं पुणेकर त्यांना ओळखतात. रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांच्या डोअर स्टेप स्कूलनं तर बसमध्येच वर्ग भरवला. जी मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत त्यांच्या वस्तीत शाळा चाकांवरून गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये केरळच्या एसटीनं मुन्नारच्या आगारात जुन्या बसमध्ये बर्थ टाकले आणि प्रवाशांना शंभर रुपयांत रात्रीची झोप दिली. महागड्या हॉटेलांच्या गावात गरीब प्रवाशाला अंथरूण मिळालं, आणि बस जागची हलत नसल्यामुळे वळणावर झुकण्याचा प्रश्नच आला नाही.

आपल्या एसटीकडे जुन्या बसची कमतरता नाही. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही. त्या मोडीत जातात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांमधल्या कारागिरांनी आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्या आहेत. बिछाने कसे पक्के करायचे, वायरिंग कुठून न्यायचं, वारा कुठून घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला औंढ्यात, एकादशीला नर्सीत येणारी माणसं आजही देवळाच्या ओसरीवर, पारावर, बसस्थानकाच्या फरशीवर पडतात. त्यात बायका असतात, लेकुरवाळ्या असतात. नोंदणी रीतसर रद्द केलेल्या, चाकं काढून ओट्यावर बसवलेल्या दहा बस, शेजारी पाणी आणि स्वच्छतागृह, एवढं औंढा आणि नर्सी इथं झालं तर त्यांची रात्र सुखाची होईल.

आणि चालत्या घरांसाठी परिवहन खात्याकडे एकच मागणी. वाहनांची तपासणी करणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात आहे, सीआयआरटी भोसरीत आहे, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. तिन्ही आपल्या राज्यात. एकट्या मालकाच्या एका जुन्या बससाठी सोपी, परवडणारी तपासणी या संस्थांनी ठरवावी: वजन, झुकण्याची चाचणी, दोन बाहेर पडायच्या वाटा, गॅस आणि विजेची जोडणी. पास झाली तर आरसीवर कॅरॅव्हॅन म्हणून नोंद, नापास झाली तर बाकं परत. राज्यानं हा प्रस्ताव केंद्राकडे न्यावा. २०२१ चं धोरण त्याशिवाय अर्धं आहे.

तोपर्यंत, या दिवाळीत कुणी अशी बस विकायला काढली असेल आणि तुम्हाला ती आवडली असेल, तर गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव, वाहनाचा वर्ग, फिटनेसची तारीख, विमा आणि बोजा पाहा. मग कागद घेऊन हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात जा आणि ही गाडी आत्ता आहे त्या रूपात माझ्या नावावर होईल का, असा लेखी प्रश्न विचारा. उत्तर हातात येईपर्यंत इसार देऊ नका.